टीव्ही बंद, पाहुणे चालू

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मी मधे थांबणार नाही. हा किस्सा अर्धवट ऐकला तर चूक आमच्या नानांची वाटते. पूर्ण ऐकला की माझी निघते. म्हणून आमच्या घरात सगळे तो पूर्ण सांगतात आणि मी अर्धवट सांगतो.

आज मीच पूर्ण सांगतो. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलात तर तिखटमीठ जास्त पडेल.

तर मी धुळ्याला, देवपुरातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करत होतो. होतो, म्हणजे सोडलं. सर फळ्यावर प्रोग्रॅम लिहायचे, आम्ही वहीत उतरवायचो आणि कॉम्प्युटर कुलपात असायचे. पोहायला शिकवतो म्हणून तापीचा नकाशा दाखवावा, तसला प्रकार. एक दिवस मी हे उभं राहून वर्गात बोललो. सर म्हणाले, "पटत नसेल तर घरी जा." मी गेलो. त्यांना वाटलं असेल डबा खायला गेला.

तेव्हापासून मी जळगावला, पिंप्राळ्यात घरीच. लग्नाचे व्हिडिओ एडिट करून देतो. हळद, वरात, पाठवणी, सगळं कापायचं, जोडायचं, खाली सनई टाकायची. काम बरं चालतं. पण नातेवाईकांच्या भाषेत त्याला "पोरगा घरीच असतो" असं म्हणतात. वर सुस्कारा.

उन्हाळ्यात एका दुपारी लाइट गेली, आली, परत गेली, परत आली, आणि या येण्याजाण्यात माझ्या मॉनिटरने राम म्हटला. काम तर अडलेलं. एका नवरीची पाठवणी अर्धी झालेली, बिचारी मांडवात रडत उभी. मग मी काय केलं? सीपीयू उचलला, हॉलमध्ये नेला आणि पप्पांच्या त्रेचाळीस इंची टीव्हीला वायर जोडली. टीव्हीच मॉनिटर. चित्र असं झक्क दिसायला लागलं की नवरीच्या डोळ्यातलं काजळ कुठे कुठे पसरलंय तेसुद्धा मोजता यावं.

माझा प्रश्न सुटला. पप्पांचा सुरू झाला.

पप्पा संध्याकाळी बातम्या लावायला बसले की समोर कुणाची तरी हळद. एकदा माझी क्लिप थांबलेली होती आणि मी जेवत होतो.

"ही कोण?" पप्पा.

"भुसावळची पार्टी आहे."

"मघापासून तोंड उघडं टाकून बसली आहे."

"पप्पा, क्लिप पॉज केली आहे."

"मग मिटल्यावर पॉज करायची. माणूस जेवतं इथे."

असं आमचं चाललेलं. त्यात ताईचं स्थळ आलं.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण, वैशाली. मुलगा मयूर, धुळ्याचाच, देवपुरातला. म्हणजे मी जिथून पळून आलो तिथेच ही निघाली होती. मयूरचे आईवडील येऊन ताईला बघून गेले, पोहे खाऊन गेले, पसंत आहे असंही सांगून गेले. फक्त एक म्हणाले, "आबांनी बघितलं की झालं." आबा म्हणजे मयूरचे आजोबा. त्या घरात आबांनी बघितल्याशिवाय भाजीसुद्धा घेत नाहीत म्हणे. आणि आबांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. प्रवास बंद.

साधा उपाय काय? ताईला घेऊन धुळ्याला जायचं, आबांना दाखवायचं, शेवभाजी खाऊन परत यायचं. बरोबर?

तुम्ही आमच्या नानांना ओळखत नाही.

नाना म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ. फैजपूरला केळीच्या बागा. घरातला कुठलाही निर्णय नानांशिवाय होत नाही, आणि नाना हजर असले की अजिबातच होत नाही. ते फैजपूरहून आले, चप्पल काढायच्या आत म्हणाले, "आपल्यात पोरगी दाखवाले घेऊन जात नाहीत. ते येतीन."

"नाना, त्यांचा गुडघा..."

"गुडघा त्यांचा हाये. रीत आपली हाये."

झालं. तिकडे आबांचा गुडघा वाकेना, इकडे नानांची मान. मोठ्या माणसांचं हे एक मला कधी समजलं नाही. लग्न दोघांचं, आणि अडून बसणार ज्यांची लग्नं होऊन पन्नास वर्षं झाली ते.

त्या दिवशी ताईने मला गच्चीवर गाठलं. ती आणि मयूर फोनवर बोलत होते, चांगले दोन-तीन महिने. हे घरात मला एकट्याला माहीत. रोज संध्याकाळी ती "कपडे काढून आणते" म्हणून वर जायची आणि एक टॉवेल काढायला तिला तास लागायचा.

"पंक्या, काहीतरी कर," ती म्हणाली. "हे मोडलं तर मी तुझ्याशी आयुष्यात बोलणार नाही."

"मी काय केलंय?"

"तू अजून काही केलं नाहीस म्हणूनच."

मग मी डोकं लावलं. व्हिडिओ कॉल. आबा तिकडे, आपण इकडे, कुणी कुणाकडे जायचं नाही. रीतही शाबूत, गुडघाही शाबूत. आणि फोनच्या टिचभर पडद्यावर कशाला, आपल्या टीव्हीवर करू. कॉम्प्युटर जोडलेलाच आहे, वर कॅमेरा बसवतो, आबा अख्खे त्रेचाळीस इंची दिसतील.

नानांनी बराच वेळ विचार केला आणि विचारलं, "म्हणजे ते आपल्या घरी आले असंच धरायचं ना?"

"धरा."

"मग चालते."

ठरला रविवार, सकाळचे अकरा. आता बघा गंमत. घरात पाहुणे यावेत तशी तयारी. मम्मीने सोफ्यावर नवीन चादरी घातल्या. सीपीयूवर विणलेला रुमाल टाकला, त्यावर फुलदाणी ठेवली. कीबोर्ड आणि माउस तिने दिवाणात टाकले आणि वर गाद्या घातल्या. का? पाहुण्यांसमोर वायरींचा पसारा बरा दिसत नाही. मी म्हटलं, "मम्मी, माउस लागेल." ती म्हणाली, "फोन लागला की तुला काय करायचंय त्याचं?" कॉल लागेपर्यंत मी माउस धरून ठेवला, लागल्याबरोबर तिने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि दिवाणात सारला.

टीव्हीच्या वर कॅमेरा. त्याला एक निळा बारीक दिवा. आमची अक्का, म्हणजे पप्पांची मोठी बहीण, तिला तो दिवा खटकला. "हे काय बाई, डोळ्यासारखं पाहून राह्यलं." तिने कपाळावरची टिकली काढली आणि दिव्यावर चिकटवली.

हे दोन्ही लक्षात ठेवायला हवं होतं. मी. तुम्ही नाही.

कॉल लागला. तिकडे मयूरच्या लॅपटॉपसमोर तिघं बसलेले, मधे आबा, एका बाजूला मयूरची आई, दुसऱ्या बाजूला मयूर. वडील दुकानावर होते. आबा लॅपटॉपच्या इतके जवळ की आमच्या टीव्हीवर पहिली पाच मिनिटं नुसती मिशी होती. अक्काने त्या मिशीला बघून डोक्यावर पदर घेतला. नाना उठून उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "या, या. बसा."

ते बसलेलेच होते. पण आले, हे महत्त्वाचं.

मग चहाचा घोळ झाला. मम्मीने सवयीने ट्रे आणला आणि थबकली. पाहुणे समोर आहेत आणि त्यांच्या हातात कप नाही. आपण कसा प्यायचा? नानांनी ट्रे अडवला. "पाव्हण्यांच्या आधी नाही." तिकडे मयूरच्या आईच्या लक्षात आलं, ती म्हणाली, "तुम्ही घ्या ना." नाना म्हणाले, "तुम्ही घ्या." असं जळगाव-धुळे, जळगाव-धुळे झालं. शेवटी तिने तिकडे आत जाऊन चहा टाकला. तो उकळेपर्यंत आमचा गार झाला, म्हणून मम्मीने आमचा परत गरम केला. तोवर त्यांचा गार. अर्धा तास दोन्ही घरं एकमेकांकडे बघत गॅसवर चहा चढवत-उतरवत होती. मी आणि मयूरने पडद्यातून एकमेकांकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. तेव्हाच मला तो माणूस आवडला.

मग ताई आली, बसली. आबांनी प्रश्न सुरू केले. आबांची एक लकब. प्रश्न विचारायचा, हात वर करायचा, दोनदा खोकायचं आणि मग म्हणायचं, "काय?" म्हणजे उत्तर द्यायच्या आत माणूस गोंधळतो.

"कळण्याची भाकरी येस का?" हात. खोकला. खोकला. "काय?"

"येते," ताई म्हणाली.

"नोकरी करशी का घर सांभाळशी?" हात. खोकला. खोकला. "काय?"

"दोन्ही करेन."

मयूर मधे काहीतरी बोलायला गेला, आबांनी त्याच्या मांडीवर थाप मारली. त्याचं लग्न, पण त्याला बोलायची सोय नाही. माझं डोकं तेव्हाच तापायला लागलं होतं, पण ताईने माझ्याकडे असं बघितलं की मी डोकं खाली घातलं.

शेवटी आबा म्हणाले, "बरं मग. इचार करीसन कळाडतस." विचार करून कळवतो. नानांनी हात जोडले, त्यांनी हात जोडले, अक्काने पदर सावरला. सगळं झालं, फक्त कुणी कॉल कापेना. मयूरला वाटलं असणार मुलीवाल्यांचा कॉल आहे, त्यांच्या तोंडावर आपण कसा कापायचा. शेवटी इथेही रीत.

नाना ओठ न हलवता मला म्हणाले, "बंद कर."

आता माउस कुठे? दिवाणात. दिवाणावर कोण? अक्का. आणि माझ्या हाताशी काय? रिमोट.

मी रिमोट उचलला, लाल बटण दाबलं. टीव्ही काळा. एकदम स्टाइलमध्ये.

लहानपणापासून या टीव्हीला बंद करायचं म्हणजे तेच बटण. तो आता नुसता पडदा आहे, सीपीयू खाली रुमालाच्या आत घोंघावतोय, वर कॅमेरा टिकली लावून जागा आहे, यातलं एकही माझ्या डोक्यात आलं नाही. आपल्याला ते दिसत नाहीत म्हणजे त्यांनाही आपण दिसत नाही. मांजर डोळे मिटून दूध पिते ना, तिचं लॉजिक. मांजरीने निदान अर्धं इंजिनिअरिंग केलेलं नसतं.

आणि एक. आवाजही टीव्हीतूनच येत होता. तोही बंद. म्हणजे तिकडून "अहो, दिसतंय आम्हाला" असं कुणी ओरडलं असेल तरी आम्हाला ते ऐकू येणं शक्य नव्हतं.

ताई कप घेऊन आत गेली. आणि आमच्याकडे पाहुणे उंबऱ्याबाहेर पडल्यावर जी खरी बैठक बसते, ती बसली.

"म्हातारा खवचट हाये," नाना पाय वर घेत म्हणाले. "आणि कवळी ढिली हाये त्याची. बोलताना मी तीच पाहून राह्यलो होतो. आता पडते का मग पडते."

"पोरगा चांगला हाये," अक्का म्हणाली. "पण माय त्याची नाकवाली वाटते. साडी पाह्यली का? घरात बसून एवढी भारी साडी कोण नेसते?"

अक्का स्वतः पैठणीत बसलेली होती.

"मागे भिंतीला पोपडे होते," पप्पा म्हणाले. पप्पांचं लक्ष नेहमी बांधकामाकडे. "ओल आहे त्या घरात. मुलीला सर्दी होईल."

तेवढ्यात पप्पांचा फोन वाजला. पप्पांनी बघितलं. "धुळ्याचा आहे. मयूरच्या आईचा."

पप्पांनी उचलायला हात घातला, तर नानांनी मनगटच धरलं.

"उचलू नको."

"का?"

"आत्ताच ठेवला ना त्यांनी? लगेच उचलला तर वाटते पोरीवाले टपूनच बसेल हायेत. वाजू दे. चार दिवस त्यांनाच फिरवू दे."

फोन वाजून वाजून थांबला. परत वाजला. नाना समाधानाने हसले. "पाह्य. किती घाई हाये त्यांना."

परत वाजला. परत थांबला. आम्ही सगळे त्या फोनकडे बघत बसलेलो, आणि कुणाच्याही डोक्यात आलं नाही की एवढी घाई का बरं असेल.

मग नाना जरा सावरून बसले आणि म्हणाले, "मले काही हे स्थळ पटलं नाही. म्हातारा फार प्रश्न इचारते. आपणच नाही म्हणून कळवू. त्यांच्या आधी."

पप्पांनी फोन उलटा ठेवला. मम्मी सोफ्याची चादर सारखी करायला लागली. पप्पांनी आयुष्यात नानांपुढे कधी तोंड उघडलं नाही, केळीच्या वाटणीतही नाही. आणि आत ताई कप विसळत होती. तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता.

माझं सटकलं.

मी उठलो. खुंटीवरचा टॉवेल काढून डोक्याला गुंडाळला. टीव्हीसमोर जाऊन उभा राहिलो. काळ्या पडद्यात माझं प्रतिबिंब छान पडत होतं, अगदी आरशासारखं. मी तोंड पडद्याजवळ नेलं, ओठाखाली जीभ घालून कवळी हलवली, हात वर केला, दोनदा खोकलो आणि म्हटलं, "काय?"

अक्का फिस्सकन हसली. पप्पासुद्धा हसले. त्याने मला चेव आला.

"कळण्याची भाकरी येस का? काय? पापड येतस का? काय? मना नातूले बोलता येस, पण मी बोलू देत नही. काय?"

आणि नुसतं तेवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मी तसाच टॉवेल घालून वळलो आणि नानांवर घसरलो.

"आणि तुम्ही काय वेगळे आहात? त्यांनी नातवाला गप्प बसवलं, तुम्ही आमच्या ताईला विचारलं का एकदा तरी? तुमचा मान, त्यांचा मान, त्या दोघांचं काय? तुम्ही नाही म्हणून कळवा खुशाल. ते दोघे तीन महिन्यांपासून रोज फोनवर बोलतायत. गच्चीवर. तुम्ही इथे चहाच्या मानपानात बसा, त्यांचं केव्हाच ठरलंय."

शांतता. अशी की सीपीयूचा पंखा ऐकू यावा. तो ऐकू आला होता, आता आठवतं. पण तेव्हा मला वाटलं फ्रिज आहे.

मम्मी म्हणाली, "म्हणून एवढा वेळ लागायचा होय टॉवेलला."

आणि स्वयंपाकघराच्या दारात ताई उभी. ओल्या हातात फोन. आत्ताच चार्जिंगवरून काढलेला. चेहरा पांढरा.

"पंक्या," ती अगदी हळू म्हणाली, "मयूरचे मेसेज आलेत. ढीगभर. कॉल चालू आहे. ते सगळे बघतायत."

"कोण सगळे?" नाना.

ताईने नुसतं टीव्हीकडे बोट केलं.

पुढचं जे झालं ते मी एडिटर म्हणून सांगतो, असा सीन पैसे देऊन मिळत नाही. अक्काने झटकन पदर ओढला आणि काळ्या टीव्हीला नमस्कार केला. पप्पांनी पोट आत घेतलं. नाना उठले, टीव्हीसमोर गेले, काळ्या पडद्याला हात जोडून म्हणाले, "आमची जरा घरगुती गंमत चालली होती." आणि मी? मी डोक्यावरचा टॉवेल काढून पाठीमागे लपवला. जणू आत्तापर्यंत पुरावा कुणी बघितलाच नव्हता.

"चालू कर," पप्पा म्हणाले.

माझा हात रिमोटवर जाईना. मला ताईचा चेहरा दिसत होता. रडत नव्हती, ओरडत नव्हती. हे मोडलं, आणि कुणी मोडलं, हे दोन्ही तिच्या डोळ्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. शिव्या खाणं मला जमतं, आयुष्यभर खाल्ल्यात. ते बघणं नाही जमलं. मी बटण दाबलं.

टीव्ही उजळला.

आम्ही "बंद" केला तेव्हा तिकडे तिघं होते. आता अख्खी गल्ली होती. मयूरचे वडील दुकान टाकून आलेले. शेजारच्या बाया मागे दाटीने उभ्या. एकीच्या हातात मुरमुऱ्यांची परात. मयूरच्या आईने ती भारी साडी बदलून साधी नेसलेली होती, आणि तोंड असं की त्याकडे बघवेना. मयूर कडेला, त्याने कॉल कापू नये म्हणून आबांनी त्याचं मनगट घट्ट धरलेलं. म्हणूनच बिचारा एका हाताने मेसेज करत होता.

आणि मधे आबा. धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते. हसून का रडून, कळायला मार्ग नव्हता.

मग आबा पुढे सरकले. परत मिशी.

"पोऱ्या कथा शे?" ते म्हणाले. मुलगा कुठे आहे?

नानांनी मला पाठीत ढकललं. काही वेळापूर्वी हेच नाना आबांना खवचट म्हणत होते, ते विसरू नका. मी पुढे गेलो.

"मना खोकला असा नही शे," आबा म्हणाले.

"हो आबा."

"दख." आणि त्यांनी खोकून दाखवलं. खरंच वेगळा होता. छातीतून यायचा, मी घशातून काढत होतो. "आते तू कर."

"आबा, चुकलो मी. माफ करा."

"माफी ऱ्हाऊ दे. कर."

काय करता? मी खोकलो. त्यांनी मान हलवली. "अजून खालतून." मी परत खोकलो. मागच्या बाया परातीतले मुरमुरे तोंडात टाकत माझं शिक्षण बघत होत्या. तिसऱ्या वेळी आबा म्हणाले, "आते जमनं," आणि हसायला लागले, आणि हसता हसता त्यांची कवळी खरंच निसटली. त्यांनी ती हातात झेलली. मग काय, तिकडची गल्ली आणि इकडचा हॉल, एकदमच फुटलं. हसले नाहीत फक्त नाना आणि मयूरची आई.

कवळी परत बसवून आबा नानांकडे वळले. आवाज एकदम गंभीर.

"नाना, एक सांगू? आम्हीबी हाईच करतस. पाहुणा गयात की दार लावीसन बोलतस. तुम्हना कॉल बंद व्हयना नही म्हणीसन आज आम्हले तोंड उघडता उनं नही. नही तर तुम्हना पुतण्याबद्दल मीबी बोलनाच व्हतू." मयूरच्या वडिलांनी मागून मान डोलावली. "दोन्ही घरनं जे लगीन व्हयेल वर कळस, ते आधीच कळनं. आते लपाडाले काय ऱ्हायनं?"

लग्न झाल्यावर कळतं ते सगळं आधीच कळलं, आता लपवायला काय उरलं, असं त्यांचं म्हणणं. आणि त्यांनी मयूरच्या मनगटावरचा हात काढला. "बोल तू."

मयूर बोलला. एकच वाक्य, तेही घसा साफ करून. "मला वैशाली पसंत आहे, आणि भिंतीला उन्हाळ्यातच रंग देणार होतो."

पप्पा खाली मान घालून म्हणाले, "आधी ओल काढून घ्या."

आता सगळे नानांकडे. नानांनी खाकरून घेतलं, आमच्या गार झालेल्या कपांकडे बघितलं, आणि मम्मीला म्हणाले, "चहा टाक. त्यांनाही टाकायला सांग. आज बरोबर घेऊ." आमच्या नानांची होकार द्यायची पद्धत हीच. मयूरच्या आईला मात्र वेळ लागला. पुढे अक्काने फोन करून साडीचं दुकान विचारलं, तेव्हा तिचा राग गेला. अक्काने खरंच तिथूनच साडी घेतली.

तर जुळलं. ताई माझ्याशी बोलते. मुद्दाम बोलते, जरा जास्तच बोलते.

साखरपुडा देवपुरात, त्यांच्या घरासमोर मांडव घालून. मी खुर्च्या लावत होतो, मान खाली. कुणी ओळखू नये एवढीच इच्छा. पण तिथली एकेक बाई माझ्याजवळून जाताना दोनदा खोकून जात होती.

मग आबांनी काठी टेकत मला हाक मारली आणि घरात नेलं. मागोमाग अर्धा मांडव. आत त्यांचा टीव्ही, त्याच्या बाजूला मयूरचा कॉम्प्युटर. आबांनी काठीने एक बटण दाखवलं.

"हाई बटन टीव्हीनं शे." मग काठी खाली नेली. "हाई कॉम्प्युटरनं. टीव्ही बंद व्हयना म्हंजे कॉम्प्युटर बंद व्हत नही. काय?"

"हो आबा."

"दाबी दख."

मी दाबलं. आधी एक, मग दुसरं. सगळ्यांनी बघितलं. एका आजीबाईंनी शाबासकीही दिली.

आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मोठ्या मायेने, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आठेच देवपूरले शिकी ऱ्हायंता ना रे तू? काय शिकी ऱ्हायंता?"

इथेच शिकत होतास ना, काय शिकत होतास? तिथे काय शिकवतात आणि ते कसं चुकीचं शिकवतात, हे मी आजवर शंभर जणांना छाती पुढे काढून सांगितलं असेल. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मी सोडलं, त्याने मला नाही, हेही.

मी त्या दोन बटणांकडे बघितलं.

"कॉमर्स, आबा," मी म्हणालो.